डेअरीच्या पाइपांतली बुळबुळ घालवताना

ज्यांची स्वतःची लहान डेअरी आहे, खवा-पनीरचं युनिट आहे किंवा जे तसं काही टाकायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाइपांत जंतूंचा बुळबुळीत थर बसून दूध नासायचं, मार्च २०२३ मध्ये सुरू झालेलं आमचं प्रकरण २०२४ च्या उन्हाळ्यात आटोक्यात आलं. मधल्या काळात माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. थोडी वेल्डरकडून, थोडी प्राध्यापकांकडून, थोडी बँकेच्या बाकावर बसून. ती एका जागी असावी, इतकंच.

आमचं युनिट वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावात आहे. भागीदारी आमच्या घरची आणि गावातल्या काही दूधउत्पादकांची. गवळाऊ गाई, काही संकरित आणि म्हशी मिळून रोज दीड हजार लिटरच्या आसपास दूध येतं. पाउच, दही, पनीर आणि सणावाराला तूप. पाश्चरायझर आणि पाउच मशीन एका बंद पडलेल्या प्लांटमधून जुनं घेतलेलं, त्यामुळे पाइपलाइनही तिथलीच कापून आणून जोडलेली. दिरांकडे संकलन, माझ्याकडे प्लांट आणि कागद.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं आणि तक्रारी सुरू झाल्या. आर्वीचा एक दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमचं दूध दुसऱ्याच दिवशी कडू लागते अन् तापवलं का फाटते. मी फ्रीज बंद करत नाही, आधीच सांगून ठेवतो." दूध घेताना एमबीआरटी (मिथिलीन ब्लूची जंतूंची चाचणी) चांगली येत होती, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) बरोबर, दूध पुरेसं तापलं का ते सांगणारी फॉस्फटेज टेस्टही ठीक. म्हणजे पाश्चरायझेशन नीट होत होतं. तरीही पाउच परत येत होते. गावात नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली, कोणी म्हणे अमक्याच्या कॅनमध्ये पाणी, कोणी म्हणे विजेचा लपंडाव. वीज जात होती हे खरंच, पण बीएमसीचं (दूध थंड ठेवायच्या कूलरचं) तापमान चार-पाच अंशांच्या वर गेल्याची नोंद नव्हती.

इथे पहिली कामाची गोष्ट. फक्त पाउचचा नमुना लॅबला पाठवून काही कळत नाही. नमुने लाइनीवर टप्प्याटप्प्याने घ्यायचे. आम्ही पाच ठिकाणांहून घेतले: बॅलन्स टँक (पाश्चरायझरच्या आधीची टाकी), होल्डिंग ट्यूबनंतर (तापलेलं दूध ठरलेले सेकंद जिथे राहतं ती नळी), थंड झाल्यावर, साठवण टाकी आणि पाउच. निर्जंतुक बाटल्या लॅबच देते. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्याच दिवशी नागपूरला पोचवायच्या. नमुन्यामागे सहाशे रुपये पडले. रिपोर्टला आठवडा जातो, कारण एकूण जंतूंच्या मोजणीसाठी प्लेटच ३० अंशांवर ७२ तास ठेवावी लागते. फोन करून घाई केल्यानं जंतू लवकर वाढत नाहीत, हे तिथल्या मुलीनं मला फार शांतपणे सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा चित्र स्पष्ट होतं. होल्डिंग ट्यूबनंतर मिलीलिटरला चार हजारांच्या आसपास, थंड झाल्यावर अकरा हजार, टाकीत त्याहून बरेच जास्त आणि पाउचमध्ये तीन लाखांच्या वर. शिवाय पाउचमध्ये कोलिफॉर्म, म्हणजे अस्वच्छता दाखवणारे जंतू. आम्ही स्वतःपुरती मर्यादा ३०,००० ची ठेवतो. कोलिफॉर्म आणि थंडीत वाढणारे स्यूडोमोनास जंतू पाश्चरायझरच्या ७२ अंश, १५ सेकंदांत टिकत नाहीत. ते पाउचमध्ये सापडले, म्हणजे पाश्चरायझरनंतर आमच्याच पाइपांतून दुधात शिरत होते. शेतकरी सुटले.

मग लाइन उघडली. ऑपरेटर काकाजींनी पान्यानं युनियन (पाइपांचा जोड) सोडवलं आणि आतलं काळं रबरी गॅस्केट, म्हणजे गळती थांबवणारी चकती, बाहेर काढलं. ते फुगून कडेला वाकलं होतं. वरून स्वच्छ दिसत होतं. नखानं उलटवलं तर खाली पिवळसर, चिकट, बुळबुळीत थर, आणि वास आंबट नाही, कुजकट. काकाजींनी बोट पुसलं आणि एवढंच म्हणाले, "बाई, हे तं आपण रोज धुतो." खरंच रोज धूत होतो. प्रेशर गेजसाठी काढलेल्या टीच्या (इंग्रजी टी आकाराच्या जोडाच्या) बंद टोकातही तेच. जोडाच्या आतल्या वेल्डवर खडबडीत काळी कड होती, बोटाला टोचेल अशी.

मी टाकलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालं ते पुसदजवळच्या वरुडला, दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयात. आर्वीहून लांब पडतं, पण फोनवर वेळ ठरवून गेल्यास माणसं मनापासून बोलतात. जाताना लाइनीचा हातानं काढलेला नकाशा, पाइपाचा व्यास, पंपाची क्षमता आणि धुण्याची रोजची पद्धत लिहून न्या. नाहीतर अर्धा वेळ त्यातच जातो.

तिथल्या प्राध्यापक सरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. जंतू पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्यात वस्ती करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. वरून क्लोरीन सोडलं तर ते थराच्या वरच्या भागातच खर्ची पडतं, आतले जंतू शाबूत राहतात आणि दुधाबरोबर थोडे थोडे सुटत राहतात. स्यूडोमोनास चार अंशांतही वाढतात. ते गरम केल्यावर मरतात, पण त्यांनी आधी सोडलेली प्रथिनं आणि चरबी तोडणारी विकरं पाश्चरायझेशनमध्येही टिकतात. दुधाला कडवटपणा येतो तो त्यामुळे. त्यात आमचं बोअरचं पाणी जड. धुतल्यानंतर राहिलेलं कॅल्शियम आणि दुधाची प्रथिनं मिळून मिल्कस्टोन बसतो, आणि त्या खरबरीत थरात जंतूंना धरायला जागा मिळते.

मग त्यांनी पंपाचा आकडा विचारला. ताशी २,००० लिटर. दीड इंची पाइपात तेवढ्या पंपानं धुण्याचं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगानं जातं. पाइपाच्या भिंतीवर घासून जायला ते दीड मीटरच्या आसपास हवं, म्हणजे पंप ताशी पाच हजार लिटरच्या वरचा. आम्ही इतके दिवस धुण्यासाठी कॉस्टिक सोडा घालत होतो, पण ते पाइपातून नुसतं फिरत होतं. हा हिशेब कागदावर दोन ओळींचा आहे. तुमचा आजच करून बघा.

आता नव्या मटेरियलची गोष्ट, कारण मला सगळ्यात जास्त फोन त्याबद्दलच येतात. नागपूरच्या एका प्रदर्शनात आम्हाला चांदीच्या नॅनोकणांचं कोटिंग विकणारा एक विक्रेता भेटला होता. आतून एकदा मारलं की पाच वर्षं जंतू बसणारच नाहीत, धुणंही निम्मं होईल, असा त्याचा दावा. आमच्या लाइनीचं एकवीस हजार रुपये सांगितले. दिरांना पटलं होतं. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू.

सर हसले नाहीत. म्हणाले, त्याच्याकडून तीन कागद मागा. एक, अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागासाठी चालत असल्याचं प्रमाणपत्र. दोन, गरम कॉस्टिक आणि ॲसिडमध्ये रोज धुतल्यावर किती टिकतं त्याची चाचणी. तीन, जंतुनाशक चाचणी कशात घेतली, पाण्यात की दुधात? विक्रेत्यानं दाखवलेला रिपोर्ट आयएसओ २२१९६ चा निघाला. त्या चाचणीत जंतूंचं द्रावण पृष्ठभागावर पातळ पडद्याखाली ३५ अंशांवर २४ तास दाबून ठेवतात. आमच्या पाइपात थंड दूध वाहतं, त्यातली प्रथिनं आणि क्लोराइड चांदीचे आयन बांधून टाकतात, आणि मिल्कस्टोनचा पातळ थर बसला की खालची चांदी असून नसल्यासारखी. रिपोर्ट खोटा नव्हता, फक्त आमच्या कामाचा नव्हता.

जगात यावर काय चाललंय तेही त्यांनी सांगितलं. शार्कच्या कातडीवरच्या बारीक रेषांवरून फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी पृष्ठभागाची नक्षी तयार केली. तिच्यात औषध काहीच नाही, नुसत्या आकारामुळे जंतूंना बसायला अडचण होते. हार्वर्डमध्ये २०११ साली घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या निसरड्या काठावरून तेल मुरवलेला पृष्ठभाग बनवला. दोन्ही ऐकायला सुंदर. पण तेलाचा थर रोजच्या गरम कॉस्टिकपुढे किती टिकेल आणि तेल दुधात गेलं तर काय, हे प्रश्न आमच्यासारख्यांनी विक्रेत्याला विचारायलाच हवेत.

तरी दिरांचं समाधान व्हावं म्हणून घरी एक प्रयोग केला. चार पट्ट्या घेतल्या: जुन्या पाइपाचा तुकडा, साधं नवं ३०४ स्टील, इलेक्ट्रोपॉलिश केलेलं (विजेच्या प्रक्रियेनं गुळगुळीत केलेलं) ३१६एल प्रतीचं स्टील, आणि विक्रेत्यानं नमुना म्हणून दिलेली कोटिंगची पट्टी. परत आलेल्या पाउचचं दूध एका ड्रममध्ये थंड ठेवून त्यात त्या टांगल्या. ते दूध पुढे माणसाच्या तोंडी जाणार नव्हतं. रोज बाहेर काढून गरम कॉस्टिक, मग ॲसिड, पुन्हा ड्रममध्ये. पंधरवड्यात कोटिंगची पट्टी कडेनं जुन्या नॉनस्टिक तव्यासारखी सुटायला लागली, आणि सुटलेल्या कडेखाली बुळबुळ जमली. इलेक्ट्रोपॉलिशवरही थर बसला, पण धुतल्यावर निघाला. जुन्या पाइपावरचा घासल्याशिवाय निघेना. पट्ट्या पुसून घेतलेल्या स्वॅबचे रिपोर्ट हेच म्हणत होते. मला नव्या मटेरियलबद्दल कळलं ते एवढंच: जंतू न बसणारं मटेरियल शोधण्यापेक्षा बसलेला जंतू रोजच्या रोज सुटेल असं मटेरियल घ्यावं.

घरच्या घरी तपासायला एक स्वस्त युक्ती. मेडिकलमध्ये ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मिळते. धुऊन झालेल्या गॅस्केटवर, वाल्वच्या कपारीत दोन थेंब टाका. फेस आला तर तिथे काहीतरी जिवंत आहे. दुधाचा अंश राहिला तरी फेस येतो, म्हणून आधी पाण्यानं नीट धुवा, आणि फेस आला नाही म्हणजे सगळं निर्मळ असंही समजू नका. दुसरी वस्तू म्हणजे मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा. ऑनलाइन बाराशेला मिळाला. पाइपाच्या आतलं वेल्ड दिसतं, वेल्डरशी वाद घालायला पुरावा मिळतो.

काय काय बदलायचं ते जूनपर्यंत ठरलं. पाश्चरायझरच्या पुढची सगळी लाइन इलेक्ट्रोपॉलिश्ड ३१६एलची, आतला खरबरीतपणा ०.८ मायक्रॉन किंवा कमी. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्लोराइडचं पाणी ते ३०४ पेक्षा जास्त सोसतं. जुन्या प्लांटपासून टाकीत रात्रभर हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) भरून ठेवायची पद्धत चालत आलेली होती. टाकीच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी खड्डे पडले होते ते त्यामुळेच, आणि अशा प्रत्येक खड्ड्यात बुळबुळीला घर मिळतं. बॉल वाल्वच्या जागी बटरफ्लाय वाल्व, कारण बॉलच्या मागे दूध अडकतं. बंद टोकं एकतर काढायची किंवा पाइपाच्या व्यासाच्या दीडपटीहून लांब ठेवायची नाहीत. दुधाच्या लाइनीला ईपीडीएम या रबराची गॅस्केट, गरम कॉस्टिक-ॲसिडला ती चांगली. पण क्रीम आणि तुपाच्या लाइनीला ईपीडीएम लावू नका, चरबीनं फुगतं. तिथे आम्ही व्हिटॉन हे रबर घेतलं, महाग आहे. सोबत मोठा पंप, धुण्याच्या दोन टाक्या आणि वॉटर सॉफ्टनर. सगळं मिळून ८,४०,००० रुपये.

एवढे पैसे हातात नव्हते. पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून जुन्या युनिटच्या सुधारणेलाही अनुदान मिळतं हे तालुका कृषी कार्यालयात कळलं. २०२३ मध्ये ते प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, बँकेच्या कर्जाशी जोडलेलं होतं. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. आमच्या बाबतीत अनुदान २,९४,००० आणि स्वहिस्सा ८४,०००. जुलैत पोर्टलवर अर्ज भरला. जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून देते. तिचं मानधन योजनेतून निघतं, तुम्ही तिला पैसे द्यायचे नसतात. कागद लागले ते असे: आधार, पॅन, उद्यम नोंदणी, भागीदारी करारनामा, एफएसएसएआयचा राज्य परवाना, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, वीजबिल, जागेचा नमुना ८ आणि मशिनरीची कोटेशन्स.

जिल्हा समितीतून प्रकरण पुढे गेलं आणि बँकेत अडकलं. साहेब म्हणाले, "पाइप बदलण्यासाठी कर्ज? मॅडम, ही तर दुरुस्ती झाली. दुरुस्तीला टर्म लोन नाही." त्यांचंही चुकत नव्हतं. अहवालात तसंच लिहिलेलं होतं. आम्ही शीर्षक बदलून "स्वयंपूर्ण सीआयपी यंत्रणा व हायजिनिक पाइपलाइन" केलं (सीआयपी म्हणजे लाइन न उघडता जागेवरच धुणं), परत आलेल्या पाउचचा महिन्याचा हिशेब जोडला आणि लॅबचे रिपोर्टही लावले. तोवर कोटेशनची मुदत संपली. नव्या कोटेशनात स्टीलचा भाव चढलेला. वेल्डरच्या हातापाया पडून जुन्याच भावात बसवलं. तुम्ही कोटेशन घेताना मुदत तीन महिन्यांची लिहून घ्या आणि जीएसटी वेगळा दाखवून घ्या. मंजुरी ऑक्टोबरच्या शेवटी आली, दिवाळीच्या तोंडावर. त्या आनंदात घरी गोरसपाक, म्हणजे वर्ध्याची प्रसिद्ध बिस्किटं, आला.

काम डिसेंबर-जानेवारीत केलं. गाईला सुटी नसते, त्यामुळे प्लांट बंद ठेवता येत नाही. दुपारी अकरा ते चार एवढाच वेळ मिळायचा, तुकड्यातुकड्यानं लाइन बदलली. वेल्डर बुटीबोरीचा. इथे खर्चात हात आखडू नका, कारण महागडा पाइप वाईट जोडानं मातीत जातो. त्यानं पाइपाची दोन्ही तोंडं टेपनं बंद केली, एका टोकाला बारीक नळीनं आर्गन सोडला, दुसऱ्या टोकाला टाचणीनं भोक ठेवलं, आतली हवा निघून जाईपर्यंत बिडी न पेटवता नुसता बसून राहिला आणि मग टिग वेल्डिंग लावलं. कॅमेरा घालून बघितलं, आतला टाका सपाट आणि फिकट सोनेरी. आर्गन न भरता केलेला जोड आतून काळा आणि दाणेदार होतो, आमच्या जुन्या पाइपांत होता तसा. मग ॲसिड फिरवून पॅसिव्हेशन, म्हणजे स्टीलवर गंजरोधक थर बसवणं.

धुण्याची पद्धत भिंतीवर मराठीत लिहून लावली. दूध संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत ४० अंशांच्या कोमट पाण्यानं खळखळून धुणं, उकळत्या पाण्यानं नाही, त्यानं प्रथिनं भाजून चिकटतात. मग कॉस्टिक एक ते दीड टक्का, ७५ ते ८० अंश, अर्धा तास. पाणी. मग नायट्रिक ०.५ ते ०.८ टक्के, ६० ते ६५ अंश, पंधरा मिनिटं. पाणी. सकाळी सुरू करण्याआधी जंतुनाशक म्हणून पेरासिटिक ॲसिड दीडशे ते दोनशे पीपीएम. हायपो आता फक्त फरशीला, आणि त्याची कॅन ॲसिडच्या खोलीत ठेवायची नाही. दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे, बूट या बाबतीत काकाजींशी माझं अजूनही रोज वाजतं. "अंगात घाम येऊन राह्यला अन् तुमचं हातमोजे." मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं समजतं, पण हातमोजे सुटत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या नमुन्यांत पाउच नऊ हजारांवर आला. एप्रिल-मेमध्येही ३०,००० च्या आत राहिला, परत येणारे पाउच तुरळक झाले. जुलैत आकडा एकदम वर गेला. या वेळी शोधायला वेळ लागला नाही, पाच ठिकाणांचे नमुने आणि पेरॉक्साइडचे थेंब. पाउच मशीनच्या तोंडाशी असलेली हातभर लवचीक नळी. ती बदलायच्या यादीत कोणाला आठवली नव्हती, ना आम्हाला ना कोटेशन देणाऱ्याला. आतून चिरा गेलेल्या. फूडग्रेड सिलिकॉनची नवी नळी आली आणि आकडा उतरला. आता ती नळी आणि सगळी गॅस्केट दर सहा महिन्यांनी बदलतो, चांगली दिसली तरी. दुधाच्या लाइनीचं एक गॅस्केट सत्तर-ऐंशी रुपयांना पडतं, एका परत आलेल्या क्रेटपेक्षा स्वस्त.

अनुदानाची रक्कम ऑगस्टमध्ये बँकेत आली. ती हातात मिळत नाही, कर्जखात्याशी जोडलेल्या वेगळ्या खात्यात तीन वर्षं राहते आणि युनिट चालू असेल, हप्ते नियमित असतील तर कर्जात वळती होते. तोवर हप्ता पूर्ण कर्जावरच धरून चाला. अनुदान आलं म्हणजे हप्ता कमी होईल असं समजून आमच्या एका ओळखीच्यांनी म्हशी घेतल्या आणि अडचणीत आले.

बॅलन्स टँकच्या आधीची, कच्च्या दुधाची लाइन अजून जुनीच आहे. तिच्यासाठी पैसे जमवतो आहोत, तोवर तिथली गॅस्केट ईपीडीएमची केली आणि टीची बंद टोकं कापून टाकली. आर्वी, कारंजा, आष्टी या पट्ट्यात कोणाला लाइन उघडून बघायची असेल तर एंडोस्कोप कॅमेरा आमच्याकडून न्या, फक्त दोन दिवसांत परत करा.